जाळीचं जॅकेट बारा महिने : गिअरच्या नोंदी, उन्हाळा ते थंडी

मार्च

यंदा एकच गोष्ट तपासून बघायची आहे. मोटरसायकल चालवताना दर ऋतूला वेगळं जॅकेट घ्यायचं नाही. पडल्यावर कातडी वाचवणारा थर बारा महिने एकच, जाळीचा, आर्मरसकट (आर्मर म्हणजे खांदा, कोपर, पाठ इथले आघात झेलणारे पॅड). ऊन, पाऊस, थंडी यांचा बंदोबस्त त्याच्या वर नाहीतर आत. गाडी हिमालयन ४११, मुक्काम पुणे, सासर वर्ध्याला आणि पावसाळ्यात कोकणाची ओढ. म्हणजे कोरडी भट्टी, दमट भट्टी, धो धो पाऊस आणि पहाटेचा गारठा, सगळं याच राज्यात मिळतं.

बाजारात तीन थरांची ‘ऑल सीझन’ जॅकेटं भरपूर आहेत : बाहेर जाड कापड, आत पावसाचं अस्तर, त्याच्या आत थंडीचं. जिथे उन्हाळ्यातही पंचवीसच्या वर पारा जात नाही तिथे ती उत्तम. आपल्याकडे अस्तरं काढून टाकली तरी बाहेरचं कापड जाडच राहतं, आणि स्वारगेटच्या सिग्नलला मे महिन्यात त्यात उभं राहणं ही शिक्षा आहे. मग माणूस जॅकेट घरी ठेवतो, आणि घरी ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही.

दुकानात पोरगा म्हणाला, “दादा, एक साइज मोठंच न्या, थंडीत आत स्वेटर जाईल.” हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. मोठं जॅकेट घालून तिथल्याच डिस्प्लेच्या गाडीवर बसलो, हात हँडलवर ठेवले आणि त्यालाच म्हटलं, कोपराचा आर्मर दोन बोटांनी बाहेर ढकल. गेला की सरळ बाजूला! कोपराचं हाड उघडं आणि आर्मर हवेत. एक साइज कमी घेतल्यावर तो जागचा हलला नाही. ही चाचणी उभं राहून करू नका. हात वाकल्यावरच बाही वर सरकते आणि खरं काय ते कळतं. मला हलकं राखाडी हवं होतं, उन्हात काळ्यापेक्षा बरं पडतं म्हणून. तेही मिळालं.

लेबलांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे फसगत फार होते. ‘सीई सर्टिफाइड’ (सीई ही युरोपातली खूण) असं टॅगवर ठळक लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा ते फक्त आतल्या आर्मरबद्दल असतं. जॅकेटच्या कापडाची आणि शिवणीची चाचणी वेगळी, तिचं युरोपीय मानक ईएन १७०९२. ते असेल तर आतल्या शिवलेल्या लेबलवर एए, ए असा वर्ग दिलेला असतो. सगळ्यात वरचा एएए. जाळीची जॅकेटं साधारण ए वर्गात येतात. कापडात हवा जाण्यासाठी जी भोकं ठेवली, त्यांची ही किंमत. खांदा, कोपर, गुडघा यांच्या आर्मरचं मानक ईएन १६२१-१. लेव्हल १ मध्ये ठरावीक आघातातून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आरपार गेलेलं चालतं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीच्या आर्मरला हेच आकडे १८ आणि ९. अनेक जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा घालून देतात. तो काढून लेव्हल २ चा घातला, या वर्षातला सगळ्यात शहाणा खर्च.

ऋतूंच्या संदर्भात आर्मरवरची एक बारीक खूण बघा : टी+ किंवा टी-. दाबून मऊ लागणारा, आघाताला घट्ट होणारा आर्मर उष्णतेत जास्त मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. टी+ म्हणजे ४० अंशांना तपासलेला, टी- म्हणजे उणे १० ला. विदर्भात जाणाऱ्याने टी+ शोधावा. माझ्या गुडघ्यांच्या आर्मरवर ती खूण आहे, कोपरांच्या नाही. बदलायच्या यादीत आहे.

एप्रिल

सासरी लग्न, म्हणून वर्धा. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे जुनाच रस्ता : जालना, सिंदखेड राजा, मेहकर, कारंजा. दुपारी पारा ४३ च्या आसपास.

जाळीचं जॅकेट म्हणजे थंडगार, हा समज पस्तीस अंशांपर्यंतच खरा. आपल्या कातडीचं तापमान साधारण तेवढंच असतं. हवा त्याहून गरम झाली की अंगावर येणारा वारा उष्णता काढून नेत नाही, उलट भरतो. हेअर ड्रायर छातीवर धरावा तसं होतं. घाम तेवढा सुटका करतो, पण तो इतक्या झटपट वाळतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही, आणि डोकं दुखायला लागेपर्यंत पाणी प्यायचं सुचत नाही.

उपाय हापशावर. आतला सुती टी-शर्ट काढून चिंब भिजवायचा, न पिळता घालायचा, वर जॅकेट. पहिली दहा मिनिटं अक्षरशः थंडी वाजते. पण मोकळ्या जाळीतून तो अर्ध्या तासात कडकडीत सुकायचा. मग जॅकेटवर साधा फ्लुरोसंट व्हेस्ट चढवून छातीकडचा वारा अर्धा अडवला, तर ओल पाऊण तास टिकली. म्हणजे कडक उन्हात जॅकेट जास्त उघडण्यापेक्षा थोडं झाकल्याचा फायदा होतो. कुणाला पटत नाही, पण करून बघा. गळ्याला ओला पंचा, त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचलेली, बाहेर फडफडणारी नकोत. ओआरएसची पाकिटं टँकबॅगेत.

भिजवायचा शर्ट सुती हवा, तो पाणी धरून ठेवतो. एरवी आत घालायचा थर मात्र ड्रायफिटचा, म्हणजे झटपट वाळणाऱ्या कापडाचा, पूर्ण बाह्यांचा. नुसत्या हातांवर जॅकेटचं अस्तर घामाने चिकटतं आणि काढताना बाही उलटीच येते.

मे

गुहागर. तापमान वर्ध्यापेक्षा दहा अंशांनी कमी आणि हाल दुप्पट. हवेतच इतकं पाणी की भिजवलेला शर्ट वाळत नाही, नुसता चिकटून बसतो. इथे व्हेस्ट नाही, ओला शर्ट नाही. जाळी पूर्ण मोकळी आणि चाकं फिरती ठेवायची. भाजणाऱ्या उन्हाचे तास आंबे खात काढावेत.

जून, पावसाआधी

आता मुख्य प्रकरण. जॅकेटसोबत पावसाचं आतलं अस्तर मिळालं होतं, ते मी कपाटातच ठेवलं. ते अंग कोरडं ठेवतं, खोटं नाही. पण बाहेरचं जॅकेट भिजून जड होतं, त्यातलं पाणी वाऱ्याने सतत वाळत राहतं आणि घाटात वर गेलं की बर्फाचं पोतं पांघरल्यागत होतं. शिवाय सर आली की रस्त्याच्या कडेला उभं राहून जॅकेट काढा, अस्तराची चेन लावा, पुन्हा घाला. तोवर आतला शर्ट भिजलेलाच. पावसाचा थर बाहेरूनच हवा.

रेनसूटच्या पाकिटावर १०,००० मिलिमीटर असं काहीसं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाण्याचा तेवढा उंच स्तंभ कापडावर उभा केला तरी ते पाझरत नाही. दहा मीटर पाणी! मग पँट गळते कशी? त्यासाठी बाथरूममध्ये प्रयोग केला. पँट उलटी केली, म्हणजे आतली बाजू बाहेर, दोन्ही पाय गुडघ्यांपाशी सुतळीने करकचून बांधले, कंबरेकडून बादलीभर पाणी ओतलं आणि नळाच्या पाईपला टांगली. पाण्याची उंची जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे ५०० मिलिमीटर. कापडातून टिपूस नाही. पण जिथे चार शिवणी एकत्र येतात, बरोबर बुडाखाली, तिथे शिवणीवर चिकटवलेल्या टेपची कड उचललेली होती, आणि तिथून दर काही सेकंदांनी एक थेंब. घरातल्यांनी “हे काय चाललंय” म्हणून दोनदा डोकावून पाहिलं.

म्हणजे पाकिटावरचा आकडा कापडाचा असतो, पाणी शिरतं शिवणीतून. त्यात सीट आणि टाकीच्या खाचेत पावसाचं पाणी साचतं आणि आपण पूर्ण वजनानिशी त्यावर बसतो. पँट घेताना आकडा नंतर बघा, आधी ती उलटी करून मधली जागा बघा. तिथे शिवणींचा चौक नसून एक अखंड पट्टी जोडलेली असेल तर घ्या. माझ्या पँटला सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवणारा गोंद, लावून दोन दिवस वाळवलं, पुन्हा टांगली, थेंब बंद.

जुलै

मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. मुळशी धरण मागे पडलं की ढग रस्त्यावरच उतरलेला असतो.

रेनसूट दुकानात बहुतेक काळे किंवा गडद निळेच का ठेवतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. धुक्यात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला काळ्या सूटमधला माणूस दिसतच नाही. मी शोधून फ्लुरोसंट पिवळा घेतला. तो रंग दिवसाच्या प्रकाशावर चमकतो, ढगाळ हवेत तर फारच. रात्री त्याचा उपयोग शून्य, तेव्हा रिफ्लेक्टिव्ह पट्ट्याच कामाच्या.

सोबतच्या मित्राची उजव्या पायाची रेनपँट निजामपूरच्या अलीकडे बेंड पाईपला, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या सायलेन्सरच्या तापलेल्या पाईपला, टेकली. नायलॉन वितळून पाईपवर तपकिरी डांबरासारखा थर, पँटला तळहाताएवढं भोक, आणि पुढचे कित्येक किलोमीटर जळका वास. रेनपँटच्या घोट्याला वेल्क्रोची पट्टी असते, ती आवळून बांधायला विसरू नका. थंड झाल्यावर पाईप ब्लेडने खरवडला, तरी डाग गेला नाही.

व्हायझर : पिनलॉक लावल्यापासून बाकी सगळे घरगुती उपाय बंद केले. साबण, शेव्हिंग फोम तासाभरात धुऊन जातात आणि उरतो तेलकट पडदा, ज्यातून समोरच्या हेडलाइटचे शंभर फाटे फुटतात. पिनलॉक म्हणजे व्हायझरच्या आत बसणारी दुसरी काच. कडेच्या सिलिकॉनच्या रेघेमुळे दोन्हींच्या मध्ये हवा कोंडली जाते आणि धुकं धरत नाही. ती रेघ सगळीकडून चिकटलेली हवी. माझ्या डाव्या कोपऱ्यातून पाणी शिरत होतं, पिन थोडी फिरवून ताण वाढवल्यावर थांबलं. ही काच मऊ असते, कोरड्या रुमालाने पुसली की कायमचे ओरखडे. ओल्या मऊ फडक्याने टिपायची, बस्स. टिंटेड व्हायझर पावसाळ्यात घरी. हेल्मेट घेताना मात्र पिनलॉकच्या आधी मागची आयएसआयची खूण बघा. जून २०२१ पासून आपल्याकडे दुचाकीसाठी ती नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही, युरोपातल्या ईसीई मानकाचं स्टिकर असलं तरी.

हातमोज्यांवर माझं मत बऱ्याच जणांशी जुळणार नाही. स्वस्त वॉटरप्रूफ मोजे घेऊ नका. ओला हात बाहेर काढताना आतलं अस्तर सोबत उलटं येतं, आणि मग बोटं परत आत जाता जात नाहीत, टोलनाक्यावर मागे हॉर्नचा गजर. कोकणातला पाऊस कोमट असतो. मी जाळीचे मोजे भिजू देतो, कोरडा जोड बॅगेत. मोजा बाहीच्या आत खोचायचा, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट मोज्यात.

पायात? रायडिंग बुटात, मोज्यावर दुधाच्या पिशवीसारखी जाड प्लास्टिकची पिशवी. दिसायला गबाळं, चालतं झकास. शेतातले गमबूट पाणी अडवतात पण घोटा मुळीच सांभाळत नाहीत. बुटावर चढवायच्या रबरी कव्हरांचा तळ चिखलात सटकतो, आणि घाटात उतारावर पाय टेकताना ते परवडत नाही.

ऑगस्ट

बुरशी! आर्मर आत ठेवूनच जॅकेट वाळवलं की फोममध्ये पाणी राहतं आणि आठवड्यात पाठीवर हिरवट ठिपके. सगळे आर्मर काढून, सौम्य साबणाच्या गार पाण्यात धुऊन, सावलीत पंख्याखाली. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, रेनसूटला तर नकोच. बुटांत आणि हेल्मेटमध्ये वर्तमानपत्राचे बोळे, दर काही तासांनी बदलायचे.

ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. मेची नोंद वाचा.

जानेवारी

पहाटे नाशिकहून निफाडकडे. राज्यातला नीचांक अनेकदा तिथेच नोंदला जातो. पारा ८ अंशांवर. ताशी ८० ने जाताना उघड्या चेहऱ्याला हे दीड-दोन अंशांसारखं लागतं, आणि जाळीच्या जॅकेटचा पेपर इथेच होता.

पास झालं, पण रेनसूटच्या जोरावर. आत थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, मग जाळीचं जॅकेट आणि सगळ्यात वर जुलैमधला तोच पिवळा रेनकोट, थेंबभर पाऊस नसताना. थंडीत खरा शत्रू वारा, आणि पाणी न शिरू देणारं कापड वाराही शिरू देत नाही. आतल्या जाळीत अडकलेली हवा उबेला राहते. हाच रेनकोट जॅकेटच्या आत घालून बघितला, तर वारा खांद्यांच्या जाळीतून फडफडत राहिला आणि आर्मर गारठून कडक झाला. वरच हवा. रेनपँटही चढवली, गुडघे वाचले. साडेदहाच्या सुमारास ऊन तापलं की दोन्ही काढून बॅगेत, खाली उन्हाळ्याचं जॅकेट तयारच. जाड थंडीचं जॅकेट असतं तर दुपारभर ते अंगावर वागवावं लागलं असतं.

नापास झाले हात. जाळीच्या मोज्यांत लोकरीचे पातळ मोजे घातले तर बोटं आवळली गेली, रक्त अडलं आणि गारठा वाढलाच. लासलगावच्या चहाच्या टपरीवर ग्लास दोन्ही तळव्यांत धरूनही करंगळी बराच वेळ बधिर होती. डॉक्टरी नायट्राइल मोजे आत घालून थोडा फरक पडला, कारण ते पातळ आहेत आणि वारा अडवतात, पण तासाभरात आत घामाचं तळं.

लडाखला जाणाऱ्यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. तिथे नाल्यांतलं बर्फाचं पाणी बुटात शिरतं, थंडी दिवसभर हटत नाही, त्यामुळे वॉटरप्रूफ बूट आणि उबदार हातमोजे आधी, जॅकेट नंतर.

पुढची खरेदी ठरली : लांब कफचे थंडीचे मोजे, एक साइज मोठे, आत पातळ अस्तराचा मोजा घालूनच दुकानात क्लच दाबून बघायचे. जॅकेट घट्ट हवं आणि थंडीचा मोजा सैल. त्यानंतर कोपराचे टी+ आर्मर, एप्रिलच्या आत. यंदाही वर्ध्याला लग्न आहे.