निळ्या आणि लाल रेषेच्या मधलं घर

४ जून

नव्या घराचा ताबा मिळायला पंधरा दिवस राहिले. वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला, गॅसचं झालं, पुराच्या विम्याचं मात्र अजून 'बघू'वरच आहे. आज निदान धोका किती तेवढं तरी मांडून ठेवू.

कोल्हापूरच्या पूररेषेच्या नकाशात प्लॉट निळ्या आणि लाल रेषेच्या मधे पडतो. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. हे 'शंभर वर्षांतून एकदा' फार फसवं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, २०२१ ला येऊन गेला, आता पुढचा पणतवंडं बघतील. खरा अर्थ एवढाच की दर पावसाळ्यात शंभरात एक शक्यता, आणि नदी मागच्या वर्षीचा हिशेब धरत नाही. कर्ज वीस वर्षांचं. तेवढ्या काळात लाल रेषेचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण १८ टक्के, निळ्या रेषेचा साधारण ५६ टक्के. हे घर त्या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी.

हे झालं कागदावरचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेपंचावन्नवर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, छप्पन्नच्याही वर. कोल्हापुरात जुलैमध्ये चहाच्या गाड्यावर 'बंधाऱ्यावर किती?' हा प्रश्न उगाच विचारत नाहीत.

५ जून

पाणी किती फूट चढतं याच्याइतकंच ते किती दिवस राहतं हे महत्त्वाचं. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेला उतरायला वाट राहत नाही. म्हणून इथला पूर लोंढ्यासारखा येऊन जात नाही, तुंबून बसतो. चार-पाच दिवस.

विम्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की आरसीसी घर पडत नाही, घरातलं जातं. फ्रीज पाण्यावर तरंगतो आणि आडवा होतो. प्लायवूडच्या कडा फुगतात, सनमायका सुटतो, बिजागरीचे स्क्रू भुसभुशीत झालेल्या लाकडात धरत नाहीत. फ्लश डोअरचे थर सुटे होतात. सागाची चौकट वाळली की बहुधा वाचते. स्विचबोर्डात गाळ बसतो, पितळी टर्मिनलं हिरवी पडतात, भिंतीतल्या पाइपात पाणी राहतं आणि महिन्याभरानं शॉक बसतो. विटा पाणी ओढतात, म्हणून भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते तिच्या वर हात-दीड हात ओल चढलेली असते. प्लास्टर फक्त रेघेपर्यंत काढलं तर पुढच्या पावसाळ्यात वरचे पोपडे निघतात.

म्हणजे खरा आकडा इमारतीचा नाहीच. सामान, फर्निचर, वायरिंग, प्लास्टर यांचा आहे.

७ जून

बँकेतून सांगितलं, 'विमा कर्जातच घातलाय.' ती पॉलिसी वाचली तर तो कर्जदाराचा जीवनविमा निघाला. कर्जदार गेला तर कर्ज फिटेल. नदी आली तर एक रुपया नाही. ही गफलत इतकी सर्रास होते की मंजुरीपत्रात 'विमा' शब्द दिसला की आधी कशाचा ते विचारावं. काही ठिकाणी बँक घराचाही विमा काढते, पण फक्त इमारतीचा. फ्रीज, कपाट, पुस्तकं त्यात नाहीत.

आपल्याकडं 'फक्त पुराचा' असा विमा शोधत बसायचं कारण नाही. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकच प्रमाणित पॉलिसी ठरवून दिलीय, 'भारत गृह रक्षा'. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन सगळं त्यात आहे. पूर त्यात आधीपासूनच आहे, हेच बरं. नाल्याचं पाणी उलटं फिरून घरात शिरलं तर तेही जलमय होण्यात मोडतं. जयंती नाल्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे वाक्य महत्त्वाचं. हळूहळू झिरपणारी ओल मात्र भरून मिळत नाही.

८ जून

विमा रक्कम काढायची तर बाजारभाव विसरायचा. घर किती लाखाला घेतलं याच्याशी संबंध नाही, जमीन वाहून जात नाही. कार्पेट क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च. १,०५० चौरस फूट, दर २,३०० धरला तर २४ लाख १५ हजार. एजंट खरेदीखताची किंमत टाकायला बघतो, कारण प्रीमियम वाढतो. मिळताना मात्र बांधकामाचाच खर्च मिळतो.

इमारतीचा विमा घेतला की सामानाला आपोआप तिच्या २० टक्के संरक्षण मिळतं, कमाल १० लाख. आपल्या बाबतीत ४ लाख ८३ हजार, यादी न देता. मग यादी करायला बसलं. फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, दोन कपाटं, पलंग, सोफा, गाद्या, भांडी, कपडे, इन्व्हर्टर... सात लाखांच्या वर गेलं. तेव्हा सामानाची रक्कम वेगळी जाहीर करायची, यादीसकट. दागिने पर्यायी संरक्षण घेतलं तरच. रोख रक्कम कधीच नाही. गाडीचा विमा वेगळा. किचन ट्रॉल्या इमारतीत धरणार की सामानात, हे ईमेलवर लेखी विचारून ठेवायचं. तोंडी उत्तराला ऑगस्टमध्ये किंमत नसते.

वाचलेल्या कलमांतलं कामाचं: मलबा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत. सहा लाखांचा दावा असेल तर गाळ आणि प्लास्टर काढायला बारा हजार. यात भागत नाही, पदरचे जातात. घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या काळाचं पर्यायी घराचं भाडं मिळतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. आणि विमा रक्कम थोडी कमी निघाली म्हणून सगळ्या दाव्याला त्या प्रमाणात कात्री लावायची जुनी पद्धत यात नाही.

प्रीमियम? या रकमेला वर्षाला हजाराच्या आतबाहेर सांगतायत. महिन्याच्या केबल-इंटरनेटएवढा. समोर सरकारी मदतीचा आकडा ठेवून बघू: सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर २०२२-२६ च्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार. आपलं घर तर पडणारच नाही, नुसतं भिजणार.

१० जून

घ्यायचं ठरलं. आता दावा कुठं फसतो ते.

बहुतेक वेळा स्वच्छतेपायी. पाणी उतरलं की घराघरांतून पहिल्याच दिवशी गाद्या, प्लाय, कपडे रस्त्यावर येतात आणि महापालिकेचा डंपर उचलून नेतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर चौथ्या दिवशी येतो तेव्हा धुतलेली फरशी दिसते. तेव्हा आधी फोटो: प्रत्येक खोलीत पाण्याच्या रेघेला टेप लावून, फरशीपासून किती इंच ते दिसेल असा. फ्रीज-मशीनच्या मागचा मॉडेल आणि सीरियल नंबर. टाकावंच लागलं तर प्लायचा हातभर तुकडा, गादीचा एक कोपरा ठेवून द्यायचा. कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्यायचा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यायची. तो सरकारी मदतीसाठी असला तरी पाणी आलं याचा पुरावा तोच. सर्व्हेअर येण्याआधी मशीन चालू करून बघायचं नाही. ओल्या मोटारीला वीज दिली की जळते आणि मग ते नुकसान पुराचं की आपलं, यावर वाद.

बिलं घरातल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवणारे आपण सगळे एकाच शाळेतले. मोबाइलमध्ये आणि बाहेरगावच्या नातेवाइकाकडे एकेक प्रत.

अर्जात आधी पूर आला होता का विचारलं तर खरं लिहायचं. दोन्ही वर्षांची रेघ गल्लीतल्या भिंतींवर अजून आहे, लपवून काय होणार. कर्ज असल्यानं पॉलिसीवर बँकेचं नाव येणार, म्हणजे इमारतीचा पैसा आधी बँकेकडे. सामानाचाही तिकडेच जाणार का, हे सहीआधी विचारायचं. दावा नाकारला किंवा फार कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही.

११ जून

एक वर्षाची की दहा? पॉलिसी दहा वर्षांपर्यंत मिळते आणि लांब मुदतीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा प्रीमियम न घेता. बांधकामाचा दरही तसाच चढतो. शिवाय नूतनीकरण विसरायचं हमखास ठिकाण म्हणजे जून. शाळेच्या फिया, बियाणं, सगळं तेव्हाच. दहा वर्षांचीच.

मुदत २० जूनपासून, किल्ली हातात येईल त्या दिवसापासून. बंधाऱ्यावर ३९ झाल्यावर फोन करायला गेलं तर कंपनी का घेईल?

इलेक्ट्रिशियनला आज सांगितलं: तळमजल्यावरचे सॉकेट फरशीपासून साडेचार फुटांवर, इन्व्हर्टर जिन्याच्या वळणावर, तळमजल्याचा एमसीबी वेगळा. तो म्हणाला, 'बघायला बरं दिसणार नाही.' दिसू दे. किचनला प्लायऐवजी स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या आणि कडाप्प्याचे उभे दगड. खर्च थोडा जास्त, पण धुतल्या की परत वापरात. पॉलिसीचा कागद आला की गट नंबर, प्लॉट नंबर आणि कार्पेट क्षेत्र खरेदीखताशी ताडून बघायचं राहिलंय.