अंधारातली दोन कामे

कृष्णधवल फिल्म घरी धुणे आणि तिच्यावरून प्रिंट काढणे ही दोन्ही कामे अंधारातलीच; तरी त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकात रमणारा माणूस दुसऱ्यातही रमेलच असे नाही.

फिल्म धुणे हे आज्ञापालनाचे काम आहे. आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म सर्व रंगांचा प्रकाश टिपते, त्यामुळे ती रिळावर चढवताना तांबडा दिवासुद्धा चालत नाही आणि फिल्मची कड खाचेत बसली की नाही हे बोटांनीच चाचपून ओळखावे लागते. रीळ प्रकाश न शिरणाऱ्या टाकीत ठेवून झाकण लावले की दिवा लावता येतो, पण मोकळीक तेवढीच. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे द्रावण, साधारणपणे २० अंश सेल्सिअसला हवा, त्याहून गरम असेल तर वेळ कमी करायचा, ठरलेल्या अंतराने टाकी उलटीसुलटी करायची आणि वेळ भरताच द्रावण ओतून द्यायचे. फिल्मवर जिथे प्रकाश पडला तिथल्या चांदीच्या क्षारांची काळी चांदी होते, आणि न वापरले गेलेले क्षार नंतर हायपो नावाचे रसायन विरघळवून नेते. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच नोंदवला होता. १८३९ साली छायाचित्रण जगासमोर आले, तेव्हा कुठे त्याला खरे काम मिळाले.

माझा जीव मात्र प्रिंटमध्ये अडकलेला आहे. प्रिंटच्या नेहमीच्या कागदाला तांबडा प्रकाश जाणवत नाही, म्हणून इथे डोळ्यांना पुन्हा कामावर घेता येते. आधी कागदाची एक पट्टी घेऊन तिच्या निरनिराळ्या भागांना निगेटिव्हमधून, म्हणजे धुतलेल्या फिल्ममधून, पाच, दहा, पंधरा सेकंद असा वाढता प्रकाश द्यायचा, ती धुऊन योग्य वेळ निवडायची आणि फिल्टर बदलून काळ्या-पांढऱ्यातला विरोध कमीजास्त करायचा. मग खरा खेळ सुरू होतो; जिथे जास्त प्रकाश, तिथे कागद जास्त काळा. चेहरा फार काळवंडत असेल, तर तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीने काही सेकंद त्याच्यावरचा प्रकाश अडवायचा; आकाश कोरे राहत असेल, तर तळव्यांच्या फटीतून तेवढ्याच भागाला जादा प्रकाश द्यायचा. हात सतत हलता ठेवावा लागतो, नाहीतर सावलीची कड कागदावर उमटते आणि चलाखी उघडी पडते. कोणी याला लबाडी म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण निगेटिव्हमध्ये नसलेले काहीही अशाने कागदावर आणता येत नाही.

डेव्हलपरमध्ये चित्र उमटू लागले की कागद उचलण्याचा मोह होतो. तांबड्या उजेडात प्रिंट असते त्याहून गडद दिसते, आणि घाईने काढलेली प्रिंट पांढऱ्या दिव्याखाली राखाडी व मरगळलेली निघते. म्हणून वेळ पुरा भरू द्यावा. फायबर कागदाचे, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदाचे, तर वाळल्यावर आणखी निराळे: ओला असताना पुरेसा उजळ वाटलेला भाग थोडा दबतो, त्यामुळे सेकंद ठरवताना तेवढी सूट आधीच धरावी लागते.

प्रिंटच्या पाठीमागे फिल्टरचा क्रमांक आणि सेकंद पेन्सिलीने लिहून ठेवण्याची पद्धत चांगली आहे, मीही ती पाळतो. पण हात कसा हलला हे त्या नोंदीत उतरत नाही, म्हणून त्याच निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रिंटमध्ये एखादा कोपरा अधिक उजळ येतो आणि कधीकधी मला तीच जास्त आवडते.