व्ही की डब्ल्यू? संस्था काढतानाचा माझा अनुभव

माझं कोल्हापुरात फ्लेक्सचं दुकान आहे. त्याआधी दहा वर्षं हातानं बोर्ड रंगवायचो, नंबरप्लेटा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, तालमींचे फलक, सगळं. म्हणजे लोकांची नावं बरोबर लिहून देणं हाच माझा धंदा. आणि त्याच माणसाची संस्था साडेपाच महिने एका अक्षरापायी लटकली. आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. शिवाय आठवड्याला एक तरी फोन येतो, 'दादा, संस्था काढायचीय, काय काय लागतं?' त्यांनाही आता हेच पाठवीन.

आम्ही करतो काय तर उद्यमनगरात वर्कशॉपला, गॅरेजला कामाला जाणारी सोळा ते बावीस वयाची पोरं आहेत, बहुतेकांची शाळा मधेच सुटलेली, ती संध्याकाळी साडेसातनंतर आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये जमतात. चित्रं, पथनाट्य आणि हलगी. मी चित्रकलेचा माणूस, पण सगळ्यात जास्त चालते ती हलगीच, हे कबूल करतो. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, मग खाली रद्दी पेटवायची, जाळावर हलगी गोल फिरवत शेकायची, बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा, की कोणतरी म्हणणार 'अजून जरा धर', परत शेकायची. वर येईपर्यंत सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास. दोन वर्षं हे सगळं खिशातनंच चाललं. मग उद्यमनगरातल्याच एका कारखानदार काकांनी चाळीस हजार देऊ केले, पण म्हणाले चेकनंच देणार आणि संस्थेच्याच नावानं. झालं, नोंदणीच्या मागं लागलो.

नोंदणीचं थोडक्यात सांगतो कारण तिथं फार काही अडलं नाही. आपल्याकडं महाराष्ट्रात अशी संस्था (कागदोपत्री 'सोसायटी') काढली की दोन कायद्यांखाली नोंदणी होते, एक १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा. काम चॅरिटी ऑफिसमध्येच, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. कमीत कमी सात माणसं लागतात. सातही घरातली घालू नका, पुढं देणगीदार यादी बघून तोंड वाकडं करतात. जागामालकाचं ना हरकत पत्र आणि लाइटबिल लागतं. संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, उद्देश लिहिताना हात आखडता घेऊ नका. आम्ही पहिल्या मसुद्यात फक्त 'चित्रकलेचे शिक्षण' लिहिलं होतं, वकिलांनी विचारलं मग त्या हलग्या कुठल्या उद्देशात वाजवताय? मग नाट्य, संगीत, लोककला, प्रशिक्षण असं सगळं घातलं. डिसेंबर २०२३ ला सर्टिफिकेट हातात आलं, एफ नंबर (विश्वस्त कायद्याखालचा नोंदणी क्रमांक) मिळाला, त्या दिवशी पोरांना मिसळ चारली. मला वाटलं जिंकलो.

आता बँक. नाव घेत नाही.

संस्थेचं नावही लिहीत नाही, पण त्यात 'युवा' हा शब्द आहे एवढं कळलं तरी पुरे. सर्टिफिकेट मराठीत. पॅनकार्ड इंग्रजीत. पॅनचा फॉर्म सीएच्या ऑफिसातल्या पोरानं भरला, त्यानं युवा लिहिताना व्ही घातला. बँकेनं सांगितलं, सर्टिफिकेटचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून आणा. ते कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडनं करून घेतलं, त्यानं डब्ल्यू घातला. मी बघितलं पण माझ्या डोक्यात काही आलंच नाही, कारण बोर्ड रंगवताना मी दोन्ही लिहीत आलोय, गिऱ्हाईक सांगेल तसं.

जानेवारीच्या शेवटी फाइल दिली. घटना, खातं उघडण्याचा ठराव, सर्टिफिकेट, पॅन, सातही जणांचे आधार, पॅन, फोटो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या आठ दिवसांत होईल. आमच्याकडं फक्त गोळा करतात, खातं उघडणारं सेंटर मुंबईला असतंय हे मला अठराव्या दिवशी कळलं, जेव्हा फाइल परत आली. कारण काय, तर 'नेम मिसमॅच'. मी म्हटलं मॅडम, युवा म्हणजे युवाच की. त्या म्हणाल्या सर, सिस्टीम घेत नाही. बरोबर आहे, त्या तरी काय करणार, पण त्या वेळी हे सुचत नाही माणसाला.

नवीन भाषांतर केलं, व्ही घातला. फाइल परत गेली. परत आली. आता काय? तर ठरावात डब्ल्यू होता. ठराव मीच दुकानात टाइप केलेला, भाषांतर समोर ठेवून. परत ठराव म्हणजे परत सात सह्या, आणि सातातल्या एक ताई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला. त्या येईपर्यंत तीन आठवडे. ठराव झाला. फाइल गेली. परत आली. शिक्का! गोल शिक्क्यावर डब्ल्यू. शिक्का माझ्या मित्रानं करून दिलेला, मी सांगितलं तसा. मॅडमनी पेन्सिलीनं बारीक गोल करून दाखवलं तेव्हा मला हसावं का रडावं कळेना. मधेच एकदा दर्पण पोर्टलचा (संस्थांची नोंद ठेवणारी सरकारी वेबसाइट) नंबर मागितला, हा पहिल्या यादीत नव्हताच. आमचे अध्यक्ष रिटायर्ड ड्रॉइंग सर, वय चौऱ्याहत्तर, हात थरथरतो, त्यांची सही मॅच होईना. ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांच्या वहीत एका रेघेत सुगडं काढून दाखवलं त्याला काउंटरवर उभं करून पाच वेळा सही करायला लावली. सर काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, 'तू अध्यक्ष हो.'

एकूण अकरा हेलपाटे. प्रत्येक हेलपाट्याला दुकान बंद.

आणि चेक. काकांनी उत्साहात २२ जानेवारीची तारीख घालून चेक लिहून दिलेला. चेक तीन महिनेच चालतो. २२ एप्रिल आली नि गेली आणि तो चेक माझ्या गल्ल्यात तसाच. परत त्यांच्याकडं जाऊन 'काका, चेक शिळा झाला' म्हणायला मला पंधरा दिवस धीर होईना. म्हणून सांगतो, खात्याचा नंबर हातात आल्याशिवाय कुणाकडनं चेक घेऊ नका, अगदी मागं लागला तरी. आणि सगळ्यात पहिलं, नोंदणीच्याही आधी, एका कोऱ्या कागदावर संस्थेचं इंग्रजी नाव मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा फोटो काढा आणि सीए, वकील, टायपिस्ट, शिक्केवाला सगळ्यांना तोच फोटो पाठवा. तोंडी सांगू नका.

खातं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उघडलं.

हे उशिरा होण्याचा खरा राग मला वेगळ्याच कारणानं आहे. पोरांचा पहिला कार्यक्रम २६ जूनला, शाहू जयंतीला, केशवराव भोसले नाट्यगृहात करायचं ठरवलेलं. महाराजांनी १९१५ ला बांधलेलं थिएटर, मूळचं पॅलेस थिएटर, त्या स्टेजवर उद्यमनगरची पोरं हलगी घेऊन उभी राहणार, पोस्टरसुद्धा मी डिझाइन करून ठेवलेलं. पैसे संस्थेच्या खात्यातनंच भरायचे, पहिलाच व्यवहार नीट पावतीचा व्हावा हा माझाच हट्ट. खातं नाही, म्हणून कार्यक्रम ऑगस्टच्या शेवटी ढकलला. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही सगळे गेलो होतो बघायला, अर्धं कोल्हापूर रस्त्यावर. आमच्यातला एक पोरगा, गॅरेजला जातो, तो म्हणाला 'दादा, आपण कसलं लकी, आपलं सामान आत नव्हतं.' मला काही बोलता येईना.

शेवटी डिसेंबरात कार्यक्रम शाहू स्मारक भवनाच्या हॉलमध्ये केला. चांगला झाला. पण ते स्टेज ते नव्हे.

काकांनी दुसरा चेक दिला तेव्हाची गंमत सांगायची राहिली. पेन उघडून विचारतात, 'व्ही का डब्ल्यू रे?' मग स्वतःच म्हणाले मरू दे, आणि सगळं नाव मराठीत लिहिलं, रक्कमसुद्धा अक्षरी मराठीत. मी घाबरत घाबरत भरला. दुसऱ्या दिवशी पैसे जमा! एक शब्द कुणी विचारला नाही.

१२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात सूट) या इन्कम टॅक्सच्या नोंदण्या सीएनं ऑनलाइन केल्या, तिथं मला काही कळलं नाही आणि त्रासही झाला नाही. एवढं लक्षात ठेवा की नवीन संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, तीन वर्षांपुरती, आणि पक्कीसाठी परत अर्ज करायला लागतो, मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी येईल ते. ८०जी असलं तरी रोख दोन हजारांच्या वर देणगी दिली तर देणाऱ्याला करात सूट मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगा नाहीतर मार्चमध्ये भांडणं. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) लगेच मिळेल ही आशा सोडा, ते तीन वर्षांचं काम बघतात. दर्पणची नोंदणी फुकट आहे, त्याचे पैसे मागणारे एजंट भेटतील, देऊ नका. मी दिले. अठराच्या आतली पोरं असतील तर पालकांचं संमतीपत्र पहिल्याच दिवशी घ्या, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आईला शोधत वस्तीतनं फिरायची वेळ येते.

आणि हां, पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, द्यायचा असतो चॅरिटीला. सरांनी खरंच राजीनामा दिला, बोलल्याप्रमाणं. आमचा आज सत्तरावा दिवस आहे.