कोरडे डोळे आणि ॲक्युपंक्चर : माझा अनुभव

निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना ठसका झोंबायचाच, म्हणून माझ्या डोळ्यांची जळजळ मी दोन वर्षे त्याच खात्यावर टाकली. मात्र संगणकावर हिशेबाच्या नोंदी करताना संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, तेव्हा मी नेत्रतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटे डोळे मिटायला सांगितले. ती दहा मिलिमीटरच्या पुढे भिजायला हवी होती; माझ्या उजव्या डोळ्यातली चारवरच थांबली. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि अश्रूंचा थर लवकर सुकतो, हे त्यांनी समजावले, तसेच संधिवातासारखे मूळ कारण नाही ना, यासाठी रक्ततपासणीही करून घेतली.

थेंब आणि गरम पाण्याचा शेक यांनी आराम पडे, पण तो तासा-दीड तासापुरताच. ॲक्युपंक्चरविषयी विचारल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की या विषयावरचे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे थेंब बंद न करता सोबत करून पाहायला हरकत नाही. वन्संनी मात्र विचारले, "डोळ्यांत सुया टोचून घेणार काय गं तू?" सुया डोळ्यांत नव्हे, भोवती टोचतात, हे त्यांना पटवायला बराच वेळ लागला.

महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा कायदा असल्याने मी कोल्हापुरातील नोंदणीकृत उपचारक निवडले. दर वेळी निर्जंतुक सुयांचे नवे पाकीट माझ्यासमोर फोडले जाई. भुवईच्या आतल्या टोकाला, कानशिलावर, अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात आणि गुडघ्याखाली सुया लावून मला पंचवीस मिनिटे पडून राहावे लागे. भुवईजवळची सुई लागताच जडपणा जाणवे आणि उजव्या डोळ्यातून पाण्याची एक धार कानापर्यंत ओघळे. कित्येक महिन्यांत असे पाणी मी पाहिले नव्हते. चौथ्या बैठकीनंतर भुवईखाली निळे वळ उठले आणि आठ दिवस राहिले. असे होऊ शकते हे आधी सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर ती गोष्ट पहिल्याच भेटीत उपचारकांना सांगावी.

मेअखेरीपासून पाच आठवड्यांत दहा बैठका झाल्या. जळजळ उतरली, दिवसातून सहा वेळा लागणारे थेंब तीनवर आले आणि पट्टी सहा मिलिमीटर भिजली. परंतु ही चाचणी दर वेळी थोडी वेगळी येते, आणि तोवर पावसाळा लागल्याने हवा दमट झाली होती, त्यामुळे सगळे श्रेय सुयांना देणे मला योग्य वाटत नाही. आता डिसेंबरच्या कोरड्या हवेत, बैठका न घेता, मी तीच पट्टी पुन्हा लावून घेणार आहे.