फायलीत ठेवलेलं पुस्तक

बुधवार, रात्री साडेअकरा

अप्पा झोपलेत. मला झोप नाही. सोमवारपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. कुणाला सांगायला गेलं की ते इतकं क्षुल्लक वाटतं, की सांगता सांगता मीच गप्प होते. म्हणून लिहून काढतेय.

सोमवारी डायलिसिसला अप्पांच्या दोन्ही सुया पहिल्याच खेपेला लागल्या. मशीन सुरू झालं, मी खुशीत होते. टेक्निशियनला मागच्या महिन्याचे रिपोर्ट हवे होते म्हणून फाईल उघडली, तर रिपोर्टांच्या मधोमध एक निळं पुस्तक. बायबलमधला नवा करार. तळहाताएवढा, कागद इतका पातळ की मागची अक्षरं पुढे दिसावीत. एका पानात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची पट्टी खूण म्हणून घातलेली, आणि त्या पानावर पेन्सिलीची रेघ. कष्टी आणि भाराक्रांत माणसांना जवळ बोलावणारी ओळ. फाईल माझ्या पिशवीत असते. पिशवी बाकावर असते. आणि त्या बाकावर माझ्याशिवाय एकच माणूस बसतं.

तीन नंबरच्या मशीनवर ज्यांचे यजमान असतात, त्या काकू.

मी बाहेर आले तेव्हा त्या डबा उघडत होत्या. मी विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "अगं, अप्पांना वाचून दाखव. औषधं चालूच आहेत, पण तुम्ही दार आतून लावून घेतलंय. येशू बाहेर उभा राहून ठोठावतोय. दार उघडत नाही म्हणून तर गुण येत नाही."

दार आतून लावून घेतलंय.

चौदा महिने मी त्या बाकावर बसते आहे. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, म्हणून घरातला प्रत्येक पेला मोजते. बटाटा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवते. नारळपाणी, केळी घरात येऊ देत नाही. अप्पांच्या हातावरची फिस्चुलाची, म्हणजे सुया टोचायला जोडून घेतलेल्या शिरेची थरथर रोज सकाळी बोटांनी तपासते, थांबली तर नाही ना म्हणून. किडनी द्यायची म्हटलं की माझ्या रक्तगटाचा विषय निघतो, तो आज नको. एवढं सगळं करणाऱ्या बाईला कुणीतरी सांगतं की गुण येत नाही तो तुझ्यामुळे.

आणि सांगतं कोण? काकू. मागच्या पावसाळ्यात अप्पांचं बीपी एकदम पडलं, पायात गोळे आले, ते ओरडायला लागले आणि मी नुसती उभी राहिले होते. तेव्हा काकूंनीच सिस्टरला हाक मारली, अप्पांचे तळवे दोन्ही हातांनी दाबून धरले, आणि नंतर मला जिन्यात नेऊन रडू दिलं. एसीत मी कुडकुडते म्हणून स्वतःची शाल आणून ठेवली. ती अजून माझ्याकडेच आहे.

तेव्हापासून मला वाटत होतं की या बाकावर मला एक माणूस मिळालं. आता वाटतंय, त्यांनी शाल दिली तेव्हाही त्यांच्या मनात ते पुस्तक होतं का? मी त्यांची कोणीतरी होते, की मी त्यांचं काम होते?

हळूहळूच येत गेलं म्हणा ते. आधी "प्रार्थना करते हं अप्पांसाठी." त्यावर मी मनापासून हो म्हटलं होतं, कुणाचीही प्रार्थना मला नको नव्हती. मग "रविवारी एकदा ये, नुसती बस." मी टाळलं. मग त्यांच्या सभेतल्या कुणाची तरी बंद पडलेली किडनी चालू झाल्याची गोष्ट. ती ऐकून मला आतून थरथरायला झालं, कारण एक क्षण, फक्त एक क्षण, मला ती खरी वाटावीशी वाटली. त्या क्षणाबद्दल मला काकूंचा राग आहे. हे आत्ता लिहिताना कळलं.

दादाला फोन केला. तो म्हणाला तक्रार कर, हे बेकायदा आहे. कसलं बेकायदा? वकिलांकडे इतकी वर्षं टायपिंग केलंय, एवढं मला ठाऊक आहे. घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करायचा हक्क लिहिलेलाच आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे त्यांना बोलायची मुभा आहे आणि मला नको म्हणायची. पण काकूंनी ना पैसे दाखवले, ना धमकी दिली. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे करत ते वाक्य म्हटलं. त्याची तक्रार कुठल्या खिडकीवर करतात? दादाला एवढंच म्हणाले की तू ये एकदा. त्यावर तो जे बोलला ते राहू दे.

शिवाय ख्रिस्ती लोकांचं मला नवल नाही. नगरमध्ये वाढलेल्या कुणाला असेल? अमेरिकन मिशनरी आमच्या गावात १८३१ साली आले. 'ज्ञानोदय' नगरहूनच १८४२ मध्ये सुरू झालं. आमच्या वाड्यामागे दोन ख्रिस्ती घरं होती. नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून जायच्या. पेटी-तबल्यावर त्यांची भजनं चालायची आणि आई ओसरीवर गहू निवडत ऐकायची. त्या घरांतून मला कधी कुणी म्हटलं नाही की तुमचं दार बंद आहे. त्यामुळे हा राग धर्मावर काढायला माझं मन धजत नाही.

आणि खरं सांगायचं तर असं बोलणाऱ्या काकू एकट्या नाहीत. मामी गेलं वर्षभर म्हणते आहे की त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा, पितृदोष आहे. म्हणजे तिच्या मतेही चूक आमचीच. अकरा गुरुवार झाले, अंगारा झाला, कुणीतरी पाठवलेलं तीर्थ झालं. मी प्रत्येक वेळी हो हो म्हणून पुडी देव्हाऱ्यात ठेवली आणि विसरले. मामीच्या बोलण्याने माझी झोप गेली नाही. मग यानेच का गेली?

दोन रात्री याच प्रश्नापाशी अडले आहे. मामीकडून मला काही नको होतं. काकूंकडून होतं. त्या बाकावर कुणीतरी माझ्याशी फक्त माझ्यासाठी बोलावं, एवढंच. पुन्हा तिथेच आले बघ.

पुस्तक परत द्यायचं ठरवून काल पिशवीत घालत होते, तर अप्पांनी बघितलं. म्हणाले, आण इकडे. चष्मा लावून अर्धा तास वाचत बसले. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, छापलेलं काहीही सोडत नाही. मग म्हणाले, "टिळकांनाही असंच मिळालं होतं."

म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. अप्पांनी वर्गात कितीदा त्यांची पाखराची कविता म्हणून दाखवली असेल आणि कितीदा स्वतःच डोळे पुसले असतील. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. हे सांगताना अप्पांचा चेहरा इतका उजळला होता की मला भीतीच वाटली. हरिपाठाची वही त्यांच्या उशाशीच होती, तरी वाटली.

मी म्हटलं, "आणि लक्ष्मीबाई?"

अप्पा थांबले. तो गोरा माणूस पुढच्या कुठल्या तरी स्टेशनात उतरून गेला असेल. इकडे एक बाई नवरा जिवंत असून पोरकी झाली, लहान मुलाला घेऊन काही वर्षं वेगळी राहिली. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला. आगगाडीच्या डब्यात बसून पुस्तक देणाऱ्याला घरात मागे राहिलेलं माणूस दिसत नाही. मला काकूंना हेच सांगायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते.

अप्पा म्हणाले, "परत देऊ नकोस. तिच्या मनाला लागेल. हो पण म्हणू नकोस. मी माळ उतरवत नाहीये, घाबरू नकोस." आणि मग, "खूण मात्र औषधाच्या पाकिटाची घातलीय बघ. तिच्याही नवऱ्याच्या त्याच गोळ्या."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्या पट्टीकडे बघत राहिले. काका सहा वर्षं मशीनवर आहेत. काकू जे मला म्हणाल्या ते रोज रात्री स्वतःला म्हणत असतील का? दार आपलंच कुठेतरी लागलेलं असेल, म्हणून यांना गुण येत नाही. सहा वर्षं.

आज बाकावर बसल्याबरोबर बोलले, नाहीतर धीर गेला असता. "काकू, पुस्तक अप्पांनी ठेवून घेतलंय. आम्ही आहोत तिथेच राहणार आहोत. तुम्ही प्रार्थना करा, मला चालतं. पण दार लावून घेतल्याचं परत म्हणू नका. मला घरी जाऊन रडू येतं."

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते नुसतं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितल्याशिवाय राहवत नाही गं." दुसरं काही नाही. क्षमा मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. थोड्या वेळाने डोळे मिटून त्यांचे ओठ हलत होते. कुणासाठी ते विचारलं नाही. तेवढ्यात तीन नंबरच्या मशीनचा अलार्म वाजला आणि आम्ही दोघी एकदमच उठलो. काकांनी हात वाकवला होता, बाकी काही नव्हतं.

मी कोणीतरी होते की काम होते, ते अजून कळलं नाही. कदाचित त्यांना ते दोन वेगळं करता येत नसेल. अप्पांचं आज २ किलो ३०० ग्रॅम पाणी निघालं, बीपी धरून राहिलं.

शुक्रवारी डबा मी नेणार आहे. भाकरी ज्वारीची करेन, काकूंना बाजरी सोसत नाही.