औषध आत शिरतं, पण टिकत नाही

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध लालभडक असतं आणि स्वतःच चमकतं, त्यामुळे पेशींत ते कुठवर पोचलं हे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली थेट दिसतं. स्तनाच्या कर्करोगाच्या साध्या एमसीएफ-७ पेशींची केंद्रकं निखाऱ्यासारखी पेटतात. त्याच पेशी महिनोन्महिने वाढत्या डोसात पोसून चिवट केल्या, की केंद्रकं मंद. औषध आत गेलं होतं, पण बाहेर फेकलं गेलं.

फेकणारा बहुधा पी-ग्लायकोप्रोटीन, १९७६ साली जुलियानो आणि लिंग यांनी दाखवलेला पंप. मग पंपच बंद करावा, असं कुणालाही सुचेल. १९८१ मध्ये व्हेरापामिल हे हृदयाचं औषध घातल्यावर चिवट पेशींत केमोचं औषध साचू लागल्याचं दिसलंही. डिशमध्ये सगळं छान! माणसात मात्र तेवढी मात्रा हृदयाला सोसत नाही. पंप अडवणारं नंतरचं औषध, तारिक्विदार, कितीतरी नेमकं होतं, तरी फुप्फुसाच्या कर्करोगातल्या त्याच्या चाचण्या दुष्परिणामांमुळे मध्येच थांबवाव्या लागल्या. हाच पंप आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात इमानेइतबारे काम करत असतो. तो अडवला की केमो शरीरात साचते. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

म्हणून माझा कल आता बाहेर फेकणाऱ्यांऐवजी पेशीला लागणाऱ्या गोष्टी आत आणणाऱ्या प्रथिनांकडे आहे, त्यातही एक्ससीटीकडे. ते ग्लुटामेट या अमिनो आम्लाचा एक रेणू बाहेर सोडून सिस्टिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा एक रेणू आत घेतं, आणि त्यातून पेशी ऑक्सिडेशनपासून वाचवणारं ग्लुटाथायोन बनवते. स्तनाच्या कर्करोगाच्या ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात हार्मोनच्या औषधांना धरायला काही नसतं, पण तिथल्या अनेक पेशींत एक्ससीटी भरपूर सापडतं. याच प्रकारच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी सिस्टिन नसलेल्या माध्यमात ठेवल्या, की लांबट, पसरलेल्या पेशी गोल होऊन तळापासून सुटू लागतात. चरबीचं ऑक्सिडेशन रोखणारं फेरोस्टॅटिन घातलं तर तग धरतात. म्हणजे हे मरण फेरोप्टोसिसचं, लोहाच्या जोरावर पेशीपटलातली चरबी ऑक्सिडाइझ होऊन आलेलं.

मला हुरूप येतो तो उंदरांमुळे: एक्ससीटीचं जनुकच काढून टाकलेले उंदीर जगतात, धडधाकट दिसतात. म्हणजे ते अडवलं तर निरोगी पेशींना कदाचित फारसं सोसावं लागणार नाही.

सल्फासलाझिन, ही संधिवाताची जुनी गोळी, एक्ससीटी अडवते खरी, पण दुबळेपणाने. शिवाय आतड्यातले जिवाणू ती फोडून टाकतात. (तिने कर्करोग बरा होतो असा मेसेज आला तर कृपया पुढे ढकलू नका.) एक्ससीटी अडवणारं दुसरं रसायन, इरास्टिन, जोरदार आहे, पण शरीरात फार लवकर मोडतं. घोडं सध्या तिथेच अडलंय.