क्लिपिंगनंतरचा सातवा दिवस

न्यूरो आयसीयूत सहा वर्षं झाली मला, तरी क्लिपिंगच्या, म्हणजे मेंदूतल्या नसेवरचा फुटलेला फुगा क्लिप लावून बंद केलेल्या पेशंटचा सातवा दिवस आला की पोटात गोळा येतो. नातेवाइकांना वाटतं फुगा क्लिपने बंद केला, सुटलो. त्या मावशींचा मुलगा तर संध्याकाळी पेढे घेऊन आलेला.

मावशी ५२ च्या, फुगा डाव्या मिडल सेरेब्रलवर, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या नसेवर. भाकरी थापता थापता डोकं धरून कोसळल्या, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि चौथ्या दिवसापासून मला दम द्यायला लागल्या कारण मेंदूला रक्त कमी पडून इजा होऊ नये म्हणून निमोडिपिनच्या दोन गोळ्या दर चार तासांनी, तेही २१ दिवस, म्हणजे रात्री २ लाही उठवायचंच. "झोपू दे की गं बाई" हे ठरलेलं.

त्या रात्री उठवलं तर नुसत्या बघत राहिल्या. उशाजवळची फणी दाखवली, म्हटलं हे काय? "ते... चहा." पेन दाखवलं, तरी चहा. दोन्ही हात पुढे धरायची खूण केली तर उजवा हळूहळू आत वळत खाली आला.

ड्यूटी डॉक्टर नवा होता, म्हणाला रक्तातलं सोडियम कमी, १२८ आहे, त्यानेच असेल, सकाळी राउंडला बघू. सोडियम घसरतं या पेशंटमध्ये, खरंय, पण मिठाने एकच हात कसा पडेल? मी सरळ सरांना फोन लावला, ओरडा बसला तर बसला.

सीटीत नवीन ब्लीडिंग नाही, मेंदूत पाणीही साठलेलं नाही. अँजिओत मात्र डावी नस दोऱ्याएवढी. सांडलेलं रक्त विरघळताना नसा आवळतात, क्लिप कितीही नीट बसलेली असो. कॅथेटरमधून औषध थेट नसेत सोडलं, वर आणून नॉरअॅड लावलं, बीपी चढवायचं औषध, म्हणजे आवळलेल्या नसेतूनही रक्त पुढे ढकललं जाईल. ऑपरेशनआधी जे बीपी चढू नये म्हणून जीव टाकत होतो तेच आता १८० ला धरून ठेवायचं!

पहाटे मुलगा दारात. "पण सिस्टर, ऑपरेशन सक्सेसफुल होतं ना?" हो म्हटलं, होतंच. पुढचं सर सांगतील म्हणून आत पळाले.

दोन दिवसांनी रात्री २ ला फणी धरली समोर. बराच वेळ बघून म्हणाल्या, "फणी. झोपू दे."

घरी निघाल्या तेव्हा उजवी मूठ पुरती उघडत नव्हती. मुलगा विचारत होता भाकरी कधी थापता येईल, मी म्हटलं फिजिओला विचारा.